चिठ्ठी क्रमांक चार

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काटेकोरराव उठले. सव्वासहाला त्यांनी गॅलरीचे दार उघडले, अर्धा पेला कोमट पाणी प्याले आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली. हे घड्याळ दिवसाला दोन मिनिटे मागे पडे. काटेकोरराव ते रोज दोन मिनिटे पुढे करीत. गेली एकोणीस वर्षे दोघांपैकी कोणीही माघार घेतली नव्हती. साडेसहाला त्यांनी स्वतःपुरता चहा केला. साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि मिठाच्या डब्यावर 'मीठ (साखर नव्हे)' अशा त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या असल्यामुळे त्यात आजवर कधी घोटाळा झाला नव्हता. पत्नी पहाटेच बसने इस्पितळात, एक्स-रे विभागातल्या तिच्या रविवारच्या पाळीवर गेली होती. आई आतल्या खोलीत जागी होती, पण सात वाजेपर्यंत ती झोपलेली आहे असे मानण्याची घरात पद्धत होती.

'काटेकोर' हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. ते इमारतीने दिले होते आणि 'राव' वयाने जोडले होते. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते माहितीपुस्तिका लिहीत. पंप घेणाऱ्याला खोक्यात पंपाबरोबर जी पातळ पुस्तिका मिळते आणि जी तो न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतो, ती काटेकोररावांची वाङ्मयसेवा. जगात जे काही बिघडते ते लोक न वाचता करायला जातात म्हणून, ही त्यांची श्रद्धा होती. माणसाला नीट क्रमवार लिहून दिले तर तो काहीही करू शकतो, असे ते म्हणत. पुढच्या काही तासांत या वाक्याने त्यांचा जो छळ केला, तो पाहता ते त्यांनी लिहून ठेवले नव्हते एवढेच नशीब.

प्रकरणाचे मूळ तीन आठवड्यांपूर्वीचे. मोटारसायकल कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे नेली असता काटेकोररावांनी त्यांना दोन सूचना केल्या होत्या. दोन्ही सूचना ऐकून घेऊन मिस्त्री दोन परक्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, "साहेब, तुम्ही फक्त चालवा. कळायचं काम आमच्याकडे ठेवा."

परकी गिऱ्हाइके हसली होती. एक तर जरा जास्तच.

त्या दिवसापासून काटेकोरराव त्या रस्त्याने गेले नव्हते. आणि आता गाडीचे ऑइल बदलण्याची वेळ आली होती. वेळही कशी, तर सोमवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या पत्नीची याच गाडीवर परवान्याची परीक्षा होती. पत्नी एक्कावन्न वर्षांची. ही तारीख मिळण्याआधी तिच्या तीन खेपा फुकट गेल्या होत्या. पहिल्या वेळी फोटोत डावा कान दिसत नव्हता, दुसऱ्या वेळी कान दिसत होता पण फोटो जुना ठरला, आणि तिसऱ्या वेळी कान, फोटो आणि ती स्वतः तिघेही हजर असताना साहेब रजेवर निघाले. शिकाऊ परवान्याची मुदत बुधवारी संपत होती. सोमवार हुकला की पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरुवात.

"ऑइल परीक्षा झाल्यावर बदला ना," पत्नी शनिवारी म्हणाली होती.

"परीक्षेला गाडी उत्तम अवस्थेत असली पाहिजे," काटेकोरराव म्हणाले. "आणि हे काम मी स्वतः करणार आहे. त्यात काय आहे? बोल्ट काढायचा, जुनं ऑइल सोडायचं, फिल्टर धुवायचा, नवं ऑइल भरायचं. चार वाक्यं आहेत."

पत्नीने त्यांच्याकडे एक्स-रेकडे बघतात तसे पाहिले आणि ती झोपायला गेली.

सात वाजता ते खाली वाहनतळावर उतरले. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरली आणि रात्रीच लिहून ठेवलेल्या नऊ चिठ्ठ्या त्यावर ओळीने मांडून प्रत्येकीवर एकेक खडा ठेवला. 'क्र. १ : बाजूचे झाकण', 'क्र. २ : झाकणाचे स्क्रू (३)', 'क्र. ३ : ऑइलचा बोल्ट', 'क्र. ४ : वायसर' अशा त्या चिठ्ठ्या. जो भाग निघेल तो आपापल्या चिठ्ठीवर ठेवायचा आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. गाडीचा एकही भाग अजून निघाला नव्हता, तरी मांडणी इतकी देखणी होती की काम अर्धे झालेच आहे असे वाटावे.

तळमजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर खुर्ची घेऊनच बाहेर आले.

"काय, गाडी खोळंबली वाटतं?"

"खोळंबली नाही, मास्तर. मी ऑइल बदलतोय."

"तुम्ही?" मास्तरांनी खुर्ची अर्धा फूट मागे घेतली. "बदला, बदला. इंजिन आधी गरम करा. थंड इंजिनाचं तेल आणि थंड माणसाचं मत, दोन्ही बाहेर येत नाहीत."

सल्ला बरोबर होता. काटेकोररावांच्या यादीतही तो होता. परंतु तो मास्तरांच्या तोंडून आल्यामुळे आता अमलात आणणे कमीपणाचे वाटू लागले, आणि वेगळेपण दाखवण्यासाठी त्यांनी इंजिन पाचाऐवजी पंधरा मिनिटे चालवले. त्या आवाजाने दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गॅलरीत आले.

"काटेकोरराव, बोल्ट घट्ट असेल तर झटका देऊ नका हं," ते वरून म्हणाले. "हळूहळू हलवायचा. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. पेशंटशी बोलत राहायचं."

काटेकोरराव गाडीशी बोलले नाहीत. त्यांनी इंजिनाखाली आईचे जुने पसरट घमेले सरकवले, सतरा नंबरचा पाना लावला आणि मनातल्या मनात इकडे, तिकडे केले. बोल्ट सुटला. मात्र पंधरा मिनिटे तापलेले ऑइल त्यांच्या मनगटावर अशा ओढीने आले की त्यांनी 'आई गं' म्हणून हात सोडला आणि बोल्ट घमेल्यात पडला.

सात मिनिटे मनगटावर गार पाणी ओतून झाल्यावर त्यांनी काडीने घमेले ढवळले, बोल्ट बाहेर काढला, पुसला आणि चिठ्ठी क्रमांक तीनवर ठेवला. तीनवर खूण केली. बोल्टाला लागून वायसर, म्हणजे गळती रोखणारी चकती, असतोच, हे त्यांना वाचून माहीत होते. म्हणून त्याच दमात त्यांनी चारवरही खूण केली.

त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच खूण होती जी वस्तू न पाहता केलेली होती. निदान त्यांना तसे वाटत होते.

मग हवेचा फिल्टर. बाजूच्या झाकणाआड बसणारा काळपट स्पंजाचा तो तुकडा त्यांनी घरी नेला, साबणाच्या पाण्यात धुतला, हलक्या हाताने पिळला आणि न्हाणीघरात बादलीच्या कडेवर वाळत ठेवला. घाईत तिथे चिठ्ठी ठेवायची राहिली. त्यानंतर घमेल्यातले काळे ऑइल एका रुंद तोंडाच्या डब्यात ओतून, डबा हातात घेऊन ते कचरा संकलन केंद्राकडे निघाले. जुने ऑइल गटारात ओतू नये, हे त्यांनी अनेक पुस्तिकांत लिहिले होते. माणूस स्वतःच्या लिखाणाशी प्रामाणिक असला की त्याला फार चालावे लागते.

केंद्रातल्या कारकुनाने डब्याकडे न बघता विचारले, "ओला की सुका?"

"ऑइल आहे."

"म्हणजे ओला."

"ओल्यात कसं घ्याल? ओल्या कचऱ्याचं खत होतं. याचं खत टाकलंत तर झाडं मरतील."

"मग सुक्यात टाकतो."

"अहो, हे सुकं दिसतंय का तुम्हाला?"

कारकुनाने पहिल्यांदा डब्यात पाहिले. "साहेब, रजिस्टरला दोनच रकाने आहेत. तिसरा असता तर मी तुमची अडवणूक केली असती का? मला काय, तुम्ही म्हणाल ते लिहितो. हवं तर तुम्हीच लिहा."

काटेकोररावांना कोणी 'तुम्हीच लिहा' म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढे. त्यांनी पट्टी मागून घेतली, रजिस्टरात तिसरा रकाना आखला, त्याला 'इतर द्रव व घातक' असे शीर्षक दिले आणि पानाच्या तळाशी सुवाच्य अक्षरांत पाच नियम लिहिले. त्यांतला पाचवा त्यांना स्वतःलाच फार आवडला : 'एकदा जमा केलेला पदार्थ कोणत्याही सबबीखाली, कोणालाही, परत दिला जाणार नाही.' कारकुनाने तो दोनदा मोठ्याने वाचला. "वा! भाषा म्हणजे भाषा आहे," तो म्हणाला. या कामात पाऊण तास गेला, पण काटेकोरराव परत आले ते शीळ घालीत.

शीळ चिठ्ठी क्रमांक चारपाशी थांबली. चिठ्ठीवर खूण होती. खुणेवर खडा होता. वायसर नव्हता.

त्यांनी खडा उचलून पाहिला. वर्तमानपत्रे झटकली. बोल्ट डोळ्यांजवळ नेला. मास्तर खुर्चीवरून न उठता हा तपास पाहत होते.

"काय हरवलं?"

"वायसर. तांब्याची चकती असते हो एवढीशी. बोल्टाबरोबर…" आणि बोलता बोलता त्यांना ती काडी आठवली, ढवळलेले घमेले आठवले, आणि एका क्षणाचाही विलंब न लावता ओतलेला डबा आठवला.

"ज्या गाडीत चढलं, त्या गाडीनं गेलं," मास्तर शांतपणे म्हणाले. "आता पुढच्या स्टेशनावर विचारा."

केंद्रात कारकुनाने त्यांचे उठून स्वागत केले. मागणी ऐकल्यावर मात्र तो खाली बसला. "साहेब, डबा तर समोरच आहे. पण पाचवा नियम."

"तो मीच लिहिलाय!"

"म्हणून तर. लिहिणाऱ्यालाच मोडू दिला तर उद्या दुसरा कोण पाळेल? 'कोणत्याही सबबीखाली', 'कोणालाही'. दोन्ही बाजू बंद केल्यात तुम्ही."

काटेकोररावांनी आपला नियम पुन्हा वाचला. त्यात फट नव्हती. वीस वर्षांच्या लेखनात इतके निर्दोष वाक्य त्यांच्या हातून क्वचितच उतरले होते. ते परतले.

सुट्या भागांचा बाजार रविवारी बंद असे आणि सोमवारी साडेदहाला उघडे. वायसर मिळण्याची दुसरी एकच जागा होती, कोपऱ्यावरच्या मिस्त्रींचे दुकान. रविवारी संध्याकाळपर्यंत ते उघडे असे. काटेकोररावांनी हा विचार मनात आला तसाच दाराबाहेर उभा केला.

घरी येऊन पाहतात तर बादलीच्या कडेवरचा फिल्टरही नाही. न्हाणीघराच्या फरशा मात्र आरशासारख्या चमकत होत्या आणि आई पाटावर बसून शेवटची फरशी घासत होती.

"आई! तो स्पंज कुठला घेतलास?"

"इथंच होता की. किती दिवस सांगत होते, चांगला घासणा आण म्हणून. आणलास एकदाचा." आईने तो प्रेमाने पिळला. "फिनेल पण कसं छान धरतो बघ."

"अगं, तो गाडीचा फिल्टर आहे!"

"मग त्यावर लिहायचं नाही का? मिठावर लिहितोस."

त्यांनी फिल्टर तीन वेळा साध्या पाण्यात धुतला. काळपटपणा गेला, फिनेल राहिले.

दुपारी बारानंतर वाहनतळावर जे झाले त्याची जबाबदारी नंतर कोणीच घेतली नाही. डॉक्टरांनी वरून दाताच्या सिमेंटची एक पुडी टाकू का, असे विचारले. मास्तरांनी आपला जुना कातडी पट्टा आणला. "आमच्या वेळी कातडं लावून पाण्याची अख्खी टाकी थोपवली होती," ते म्हणाले. कोणती टाकी, कधी, हे त्यांना कोणी विचारले नाही, कारण त्या क्षणी सगळ्यांनाच ते खरे हवे होते. कात्रीने पट्ट्याची गोल चकती कापण्यात आली. बोल्ट आवळण्यात आला. काटेकोररावांनी मापाने नवे ऑइल भरले, फिल्टर बसवला, झाकण लावले आणि नऊच्या नऊ चिठ्ठ्या उचलल्या. काटेकोरराव आणि मास्तर वाकून इंजिनाखाली पाहू लागले, डॉक्टर गॅलरीतून.

एक मिनिट काहीच झाले नाही.

मग टप्.

मास्तरांनी खिशातले घड्याळ काढले. पुन्हा टप्. "चाळीस सेकंद," ते म्हणाले. पुन्हा टप्. "चाळीस. वेळेला पक्की आहे हो तुमची गळती."

अडीच वाजता पत्नी बसने परतली. फाटकातून आत येताना तिने एका नजरेत सगळे टिपले : खुर्ची, कापलेला पट्टा, गॅलरीतले डॉक्टर, मनगटाला मलम लावलेला नवरा आणि त्याच्या पायाशी हळूहळू वाढणारे ऑइलचे थारोळे. मास्तर खुर्ची उचलून आत गेले. डॉक्टरांना अचानक पेशंट आठवला.

"उद्या नऊ वाजता आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. मी काहीतरी…"

"अहो, एक विचारू? खरं सांगा. मी पास व्हायला हवं आहे ना तुम्हाला?"

काटेकोररावांचे उत्तर 'म्हणजे काय!' असे होते, आणि ते जिभेवर तयारही होते. पण समोर बघून ते खोटे बोलू शकत नसत. परीक्षेच्या मैदानावर उभे राहून तिला देण्यासाठी त्यांनी एकवीस सूचनांचा कागद लिहून ठेवला होता. दुचाकी शिकणाऱ्याबरोबर कोणी असलेच पाहिजे असे नाही, हे त्यांनी नियमांत दोनदा वाचले होते आणि घरात एकदाही सांगितले नव्हते. रोज सकाळी तिला इस्पितळाच्या दारात सोडणे, 'संध्याकाळी सहाला' म्हणणे आणि सहाला खरोखरच तिथे असणे, यापलीकडे तिच्यासाठी आपण काय करतो हे त्यांना आठवेना.

"बावीस वर्षं मी तुमच्या पाठीकडे बघत प्रवास केलाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे वाटले असते. "तुमच्या कॉलरची शिवण कुठे उसवलीये ते मला पाठ आहे. रस्ता मात्र माहीत नाही. परवा ड्रायव्हिंग क्लासच्या सरांनी विचारलं, इस्पितळाआधी किती सिग्नल लागतात? मला सांगता आलं नाही हो."

गाडीखाली टप् झाले.

"चल," काटेकोरराव म्हणाले. "मिस्त्रींकडे जाऊ."

इंजिन चालू करणे शक्य नव्हते. गाडी ढकलतच न्यायची होती. नेहमीच्या सवयीने त्यांनी हँडलकडे हात नेला, पण मनगट दुखावलेले होते. ते मागे झाले. तिने हँडल धरले आणि त्यांनी मागून रेटा दिला. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत चाळीस-चाळीस सेकंदांवर ऑइलचे थेंब पडत गेले. काटेकोररावांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदाच रस्ता नव्हता, बायकोची पाठ होती. केसांत वरच्या बाजूला एक पिन तिरकी बसली होती. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली होता. एक्स-रेच्या खोलीतला शिशाचा जड अंगरखा वर्षानुवर्षे घालून असे होत असेल का, असे त्यांच्या मनात आले. इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारले नव्हते.

"खड्डा आहे, डावीकडून घेते," ती मागे न बघता म्हणाली.

"घे," ते म्हणाले.

मिस्त्रींनी गाडी पाहिली, दोघांना पाहिले, रस्त्यावरच्या थेंबांची रांग पाहिली. हसले नाहीत. एक पत्र्याचा डबा खडखडवून त्यांनी तांब्याची चकती काढली, पट्ट्याची चकती भिरकावली, बोल्ट बसवला आणि कमी झालेले ऑइल भरून दिले. फिल्टर बाहेर काढून मात्र त्यांनी नाकाशी धरला.

"याला फिनेलचा वास का?"

"आईनं…" काटेकोररावांनी सुरुवात केली.

"असू द्या," पत्नी म्हणाली. "मला कामावर असल्यासारखं वाटेल."

मिस्त्रींनी फिल्टर थोड्या ऑइलमध्ये बुडवून पिळला आणि जागेवर बसवला. सगळ्याला चार मिनिटे लागली. मग हात पुसत ते आत गेले आणि एक मळकी, पातळ पुस्तिका घेऊन आले. काटेकोररावांनी ती दुरूनच ओळखली. बापाला पोर ओळखायला चष्मा लागत नाही.

"साहेब, गेल्या महिन्यात तुमच्या कारखान्याचा पंप घेतला घरी. तुम्हीच म्हणाला होता ना, मिस्त्री, वाचून करत जा? म्हटलं करू वाचून. पायरी सात." त्यांनी काळ्या बोटाने ओळ दाखवली. "'झडप आकृती ३ प्रमाणे बसवावी.' आता आकृती तीन दाखवा."

काटेकोररावांनी पाने उलटली. आकृती एक होती. आकृती दोन होती. मग हमीपत्र होते.

"दोन तास बसलो मी पंपापुढं. बायको म्हणाली, एवढे मोठे मिस्त्री आणि घरात पाणी नाही. नंतर माझं मी बसवलं, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी तुम्ही आलात आणि परत मला शिकवायला लागलात. तेव्हा राग आला, बोललो."

काटेकोररावांना सकाळची खूण आठवली. छापखान्याकडून आलेल्या शेवटच्या प्रतीवरही त्यांनीच शेवटच्या पानावर बरोबरची खूण केली होती. आकृत्या असणारच, असे धरून. म्हणजे ती पहिली खूण नव्हतीच.

"पेन्सिल आहे?" त्यांनी विचारले.

मिस्त्रींनी कानावरची दिली. काटेकोररावांनी खिशातल्या चिठ्ठ्या काढल्या, 'क्र. ४ : वायसर' ही उलटी केली आणि गुडघ्यावर ठेवून तिच्या कोऱ्या बाजूवर झडपेची आकृती काढली. बाण दाखवले. वरची बाजू कोणती ते लिहिले. चिठ्ठी पुस्तिकेत सातव्या पायरीपाशी ठेवली.

"बसवलीत ती अशीच का, बघा."

मिस्त्रींनी मान तिरकी करून पाहिले. "अशीच." मग पुस्तिका मिटत म्हणाले, "वहिनी, उद्या आठचा आकडा काढताना क्लच अर्धा दाबून ठेवा. आणि खाली बघू नका."

परत येताना गाडी पत्नीने चालवली. काटेकोरराव मागे बसले आणि घर येईपर्यंत एकही सूचना न करता बसून राहिले. त्यांच्या जबड्याला त्याचा त्रास झाला, पण तो डॉक्टरांना दाखवण्यासारखा नव्हता.

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ते उठले. घड्याळ दोन मिनिटे पुढे केले. चहा दोन कप केला. मग शर्टाच्या खिशातून, जिथे ती बावीस वर्षे राहत होती तिथून, गाडीची किल्ली काढली आणि दाराजवळच्या, पत्नीची पर्स लटकते त्या खिळ्याला अडकवली. त्यावर चिठ्ठी लावली नाही. एकवीस सूचनांचा कागद घेऊन ते खाली गेले, त्या कागदानेच वाहनतळावरचा ऑइलचा उरलेला डाग पुसला आणि कारखान्यात जायला परस्पर बसथांब्यावर जाऊन उभे राहिले.

साडेआठला ओळखीचा आवाज आला. गाडी वळणावरून आली, सिग्नलला थांबली, फिनेलचा मंद वास सोडून पुढे निघाली. पत्नीने त्यांना पाहिले की नाही कोण जाणे. तिची नजर रस्त्यावर होती. काटेकोररावांनी हात वर नेला, पण हलवला नाही. चालवणाऱ्याचे लक्ष विचलित करू नये, असे कुठेतरी लिहिलेले आहे.